गाठ साधी आहे. मग काढायची का?

स्तनातल्या गाठीचा विषय माझ्या ओपीडीत बहुधा शेवटी निघतो. मी फिजिशियन आहे, सर्जन नव्हे. माझ्याकडे बायका येतात त्या शुगर, बीपी, थायरॉइडसाठी. गोळ्या लिहून झाल्या, केसपेपर हातात दिला, बाई स्टुलावरून उठली, की दाराकडे एकदा बघून हळूच म्हणते, ‘‘मॅडम, अजून एक विचारायचं होतं.’’ येरवडा, नागपूर चाळ, विश्रांतवाडी, धानोरी या भागांतून येणाऱ्या या बायकांपैकी बऱ्याच जणींच्या पिशवीत सोनोग्राफीचा रिपोर्टही असतो. गाठ कुणाला तरी दाखवून झालेली असते, ‘साधी आहे’ असं ऐकूनही झालेलं असतं. अडलेलं असतं ते पुढे. एक डॉक्टर म्हणाले काढून टाका, दुसरे म्हणाले राहू द्या. ऐकायचं कुणाचं?

माझं मत आधीच सांगते. नीट तपासून साधी ठरलेली, लहान आणि न वाढणारी गाठ बहुतेक वेळा काढावी लागत नाही. आपल्याकडे अशा गाठी गरजेपेक्षा जास्त काढल्या जातात. आणि त्याच वेळी, ज्या गाठी तातडीने तपासायला हव्यात, त्यांना नुसता हात लावून ‘साधी’ म्हणून परत पाठवलं जातं. या दोन्ही गोष्टी एकाच शहरात, कधी एकाच गल्लीत घडतात.

पंधरा ते पस्तीस या वयात सापडणारी गाठ बहुतेक वेळा फायब्रोअ‍ॅडेनोमा असते. दूध तयार करणाऱ्या ग्रंथी आणि त्यांना आधार देणाऱ्या ऊती यांची मिळून ही वाढ होते. बोटाखाली ती रबरासारखी लागते, सहसा दुखत नाही आणि दाबायला गेलं की निसटते. इंग्रजी पुस्तकांत तिला ‘स्तनातला उंदीर’ असं गमतीचं नाव आहे. बोराएवढी, म्हणजे एक-दोन सेंटीमीटरची होऊन ती बहुधा तिथेच थांबते. काही जणींची काही वर्षांत आपोआप लहान होते, काहींची नाहीशी होते, आणि पाळी थांबल्यावर तर बहुतेक गाठी आक्रसतात. इस्ट्रोजेन या संप्रेरकावर ती पोसली जात असल्यामुळे गरोदरपणात किंवा बाळाला अंगावर पाजण्याच्या काळात मोठी होऊ शकते, हे मात्र लक्षात ठेवायला हवं.

‘आज साधी आहे, उद्या तिचा कॅन्सर झाला तर?’ ही भीती जवळजवळ प्रत्येकीच्या मनात असते. साध्या फायब्रोअ‍ॅडेनोमाच्या बाबतीत तसं होणं अत्यंत विरळ आहे. तो काढल्याने पुढे कर्करोग व्हायचा टळतो, असंही नाही. आयुष्यभराचा धोका इतर बायकांना जेवढा, जवळपास तेवढाच तिलाही राहतो. बायोप्सीत ‘कॉम्प्लेक्स’ असा शब्द आला किंवा आई-बहिणीला स्तनाचा कर्करोग झालेला असेल, तर हिशेब थोडा बदलतो आणि सर्जनशी वेगळं बोलावं लागतं.

पण हे सगळं लागू होतं ते गाठ खरंच साधी असेल तर. ती साधी आहे हे ठरवलं कुणी आणि कशावरून?

यासाठी जगभर एक पद्धत रूढ आहे. डॉक्टरने हाताने तपासायचं. मग प्रतिमा काढायची. तरुण मुलीची सोनोग्राफी, आणि वय चाळिशीच्या आसपास किंवा पुढे असेल तर मॅमोग्राफीही. आणि त्यानंतर सुईने गाठीचा बारीक तुकडा काढून पॅथॉलॉजिस्टकडे पाठवायचा, म्हणजे कोअर बायोप्सी. तिन्ही उत्तरं एकच आली तर निदान चुकण्याची शक्यता नगण्य राहते. अगदी तरुण मुलीच्या सोनोग्राफीत चित्र स्पष्ट असेल तर सुई लावली नाही तरी चालतं. तिन्हींपैकी एकही वेगळं बोलत असेल, तर मात्र ती गाठ ‘साधी’ म्हणायची नाही. मग ती काढून तपासणंच योग्य.

सुईबद्दल आपल्याकडे एक हट्टी गैरसमज आहे. ‘सुई लावली की गाठ चिघळते,’ असं शिकलेली माणसंही मला ऐकवतात. सुई टोचल्याने साध्या गाठीचा कर्करोग होत नाही, आणि कर्करोग असलाच तर बायोप्सीमुळे रुग्णाचं आयुष्य कमी होत नाही. उलट सुई टाळून थेट गाठ काढली आणि नंतर ती वाईट निघाली, तर सगळी आखणी बिघडते. तेव्हा दुसरं, मोठं ऑपरेशन करावं लागतं. पहिला छेद कसाही, कुठेही घेतलेला असला तर ते आणखी अवघड होतं.

दुसरा घोळ रिपोर्टवरच्या आकड्याचा. सोनोग्राफीच्या रिपोर्टात खाली ‘बायरॅड्स ३’ असं लिहिलेलं असतं. ते वाचून ‘म्हणजे तिसरी स्टेज का हो?’ असं रडवेल्या आवाजात विचारणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. ही स्टेज नव्हे. रेडिओलॉजिस्टने दिलेला तो संशयाचा आकडा आहे. दोन म्हणजे निर्धोक, तीन म्हणजे बहुधा निर्धोक, कर्करोगाची शक्यता दोन टक्क्यांहून कमी, पण सहा महिन्यांनी पुन्हा बघा. चार आणि पाच म्हणजे सुई लावल्याशिवाय पुढे जायचं नाही. रिपोर्ट हातात देताना हे दोन वाक्यांत सांगितलं, तर बाईची रात्रीची झोप वाचते. पण ती दोन वाक्यं सांगायला बऱ्याचदा कुणी नसतं.

चाळिशी ओलांडलेल्या बाईची नवी गाठ हा वेगळाच मामला आहे. तिला हात लावून ‘काही नाही, साधी आहे’ म्हणणं मला मान्य नाही. म्हणणारा कितीही अनुभवी असो. २०२२ या एका वर्षात भारतात स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आणि ९८ हजारांवर मृत्यू झाल्याचा जागतिक कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. आपल्याकडे हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा सरासरीने लवकरच्या वयात दिसतो. आपली लोकसंख्याच तरुण आहे, हे त्याचं एक मोठं कारण. ‘दुखत नव्हती, म्हणून दाखवली नाही,’ हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकतो. सुरुवातीच्या काळात कर्करोगाची गाठ सहसा दुखत नाही. महिन्याच्या महिन्याला दोन्ही बाजूंना दुखून येणारे स्तन हा बहुधा पाळीच्या चक्राचा भाग असतो. घाबरून धावत येतात त्या मात्र याच बायका, आणि न दुखणारी गाठ वर्षभर पदराखाली राहते.

हाताने तपासण्याला मी कमी लेखत नाही. गाठ शोधण्यासाठी तो उत्तम आहे, आणि याचा सज्जड पुरावा आपल्याच राज्यातला आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी १९९८ मध्ये एक चाचणी सुरू केली. मुंबईतल्या वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या १ लाख ५१ हजार ५३८ महिला तीत होत्या. निम्म्या वस्त्यांमध्ये प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी केली. वीस वर्षांचा पाठपुरावा करून २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्या गटात कर्करोग लवकरच्या टप्प्यावर सापडला, आणि पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये त्यामुळे होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतल्या बायकांमध्ये मात्र मृत्यू घटल्याचं दिसलं नाही. मॅमोग्राफीचं यंत्र नसतानाही एवढं साधलं, हे महत्त्वाचं. पण या सेविका गाठ शोधून बाईला पुढच्या तपासणीला पाठवत होत्या. ती साधी की वाईट हे हाताने ठरवून कुणाला घरी पाठवत नव्हत्या.

आता समजा, सगळ्या तपासण्या झाल्या आणि गाठ साधीच निघाली. इथून पुढचा प्रश्न निम्मा वैद्यकीय आणि निम्मा घरचा असतो. घरचा भाग कधी कधी निम्म्याहून जास्तच.

वीस-बावीस वर्षांच्या मुलीला घेऊन आई येते. गाठ दीड सेंटीमीटरची, बायोप्सी झालेली, फायब्रोअ‍ॅडेनोमा. आईचं म्हणणं ठरलेलं असतं: ‘‘स्थळं बघायला सुरुवात केलीय. त्याच्या आत काढून टाकू.’’ अशा आया मी किती पाहिल्या, त्याची मोजदाद नाही. त्यांच्यावर रागावून उपयोग नाही, कारण त्यांची भीती खोटी नसते. ‘मुलीच्या अंगात गाठ आहे’ एवढं कानावर आलं, तरी मोडणारी लग्नं आपल्या समाजात आहेत. पण जरा हिशेब मांडून बघू. ही गाठ कुणाला दिसत नव्हती. काढल्यावर व्रण दिसेल. आपल्याकडच्या कातडीवर, त्यातून छातीवर, व्रण फुगून जाड आणि लालसर होण्याची खोड बऱ्याच जणींना असते. आज एक काढली तरी दुसरी येणार नाही याची हमी कुणी देऊ शकत नाही. काही मुलींना मुळातच दोन-तीन गाठी असतात. दर वेळी ऑपरेशन करणार का? आणि या गाठीमुळे संसाराला, मूल होण्याला किंवा बाळाला पाजण्याला अडथळा येत नाही. अडथळा यायचाच झाला, तर स्तनाग्राच्या कडेने छेद घेऊन दुधाच्या नळ्या कापल्या गेल्या तर तो येऊ शकतो. शिवाय तिथली संवेदना कमी होऊ शकते. लहान वयात, स्तनांची वाढ पुरी झालेली नसताना तर चाकू आणखीच जपून लावायचा असतो.

अशा वेळी मी आईला दोन मिनिटं बाहेर बसायला सांगते आणि मुलीला विचारते, ‘‘तुला काय वाटतं?’’ उत्तरं वेगवेगळी येतात. कुणी म्हणतं, मला काढायचीच आहे, हात लागला की दिवसभर तोच विचार येतो. हे कारण मला पुरेसं वाटतं. सतत छळणारी काळजी हेही शस्त्रक्रियेचं वैध कारण आहे, फक्त ती काळजी तिची स्वतःची असावी आणि सगळी माहिती मिळाल्यावरही उरलेली असावी. पण बऱ्याचदा उत्तर येतं, ‘‘मला काहीच वाटत नाही मॅडम, आईला झोप लागत नाही.’’ आईच्या झोपेसाठी लेकीला भूल द्यायची का, हा प्रश्न मग मी आईसमोरच ठेवते.

काढावी अशा गाठी असतातच. तीन सेंटीमीटरच्या पुढची, किंवा सहा महिन्यांत स्पष्टपणे वाढलेली गाठ काढलेली बरी. यामागे फायलॉइड्स नावाच्या गाठीचा संशय असतो. ती दिसते फायब्रोअ‍ॅडेनोमासारखीच, पण झपाट्याने वाढते, अर्धवट काढली तर परत येते आणि थोड्या जणींमध्ये ती घातकही असते. सुईच्या छोट्या तुकड्यावरून या दोघींतला फरक प्रत्येक वेळी सांगता येत नाही. किशोरवयीन मुलींमध्ये कधी कधी गाठ इतकी वाढते की एक स्तन दुसऱ्यापेक्षा उघड मोठा दिसतो. तिथेही थांबण्यात अर्थ नाही. गाठ आधीच मोठी आहे आणि वर्षभरात बाळंतपणाचा विचार आहे, अशा बाईने त्याआधी सर्जनशी जरूर बोलावं.

आणखी एक कारण पुस्तकांत फारसं सापडत नाही. थांबून बघायचं म्हणजे दर सहा महिन्यांनी यायचं, निदान दोन वर्षं. नोकरी करणाऱ्या, गाडीवर येणाऱ्या बाईला ते जमतं. येरवड्याहून ससूनला जाणं आता मेट्रोमुळे सोपं झालंय. पण खराडीच्या बांधकामावर राहणारी, काम संपलं की दुसऱ्या जिल्ह्यात जाणारी मजूर बाई सहा महिन्यांनी कुठे असेल, ते तिलाही माहीत नसतं. चार घरची धुणीभांडी करणारीचे सोनोग्राफीच्या तारखेला एक, रिपोर्टला दुसरा आणि डॉक्टरला दाखवायला तिसरा असे तीन खाडे होतात. ‘सहा महिन्यांनी या’ असं केसपेपरवर लिहून आम्ही मोकळे होतो; येणं तिच्या हातात नसतं. जिच्या बाबतीत पाठपुरावा होणारच नाही हे उघड दिसतंय, आणि जिची गाठ किंवा वय मधल्या शंकेच्या टापूत आहे, तिची गाठ आत्ताच काढावी असं मी सुचवते. काही सर्जन मित्रांना हे पटत नाही. तीच गाठ आणि तेच वय असलं, तरी पत्त्यावरून सल्ला बदलायचा, हे त्यांना शास्त्रीय वाटत नाही. मला वाटतं.

पैशांबद्दलही बोलायला हवं. ऑपरेशनचं बिल होतं, ‘थांबून बघू’चं होत नाही. आरोग्य विमाही सहसा भरती झालं तरच पैसे देतो. खासगीत काम करणारा प्रत्येक सर्जन पैशांसाठीच गाठ काढतो असं मी म्हणणार नाही. कित्येक जण मुलींना समजावून परत पाठवतात. पण व्यवस्थेचा कल कुठे आहे हे रुग्णाने ओळखावं, आणि ‘नाही काढली तर काय होईल?’ हा प्रश्न न लाजता विचारावा. याचं सरळ उत्तर मिळत नसेल, तर दुसऱ्या सर्जनचं मत घ्यावं.

‘गाठ विरघळवणाऱ्या’ औषधांचं काय, हाही नेहमीचा प्रश्न. व्हिटॅमिन ई, कसली तेलं, काढे, पुड्या सगळं चालू असतं. सरकारी दवाखान्यात ‘छाया’ नावाने मोफत मिळणारी गर्भनिरोधक गोळी, म्हणजे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेलं ऑर्मेलॉक्सिफीन, काही डॉक्टर यासाठी देतात. पाळीशी संबंधित स्तनदुखी तिने कमी होते, असं काही अभ्यास सांगतात. गाठ जाते, याचा पक्का पुरावा नाही, आणि तिने पाळी लांबते. आणि मुळात फायब्रोअ‍ॅडेनोमा आपोआपही लहान होतो, त्यामुळे श्रेय त्या वेळी चालू असलेल्या औषधाला मिळून जातं.

या निर्णयातली सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे हातात असलेला वेळ. जानेवारी १९२४ मध्ये येरवड्याच्या तुरुंगात शिक्षा भोगत असलेल्या गांधीजींना अपेंडिसायटिस झाला आणि त्यांना ससूनमध्ये हलवलं. आपल्या विश्वासातले डॉक्टर यावेत अशी त्यांची इच्छा होती, पण तेवढी सवड नव्हती. १२ जानेवारीच्या रात्री त्यांनी लेखी संमती दिली आणि कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया केली. मध्येच वीज गेली आणि कंदिलाच्या उजेडात ती पुरी करावी लागली. तिथे तास मोजायचे होते. साध्या गाठीचं तसं नसतं. आठवडा घ्या, महिना घ्या, परीक्षा उरका, दुसऱ्या डॉक्टरना दाखवा. ‘उद्याच करून घ्या’ असं कुणी म्हणालं, तर घाई कशाची ते विचारा.

आणि सही बाईने स्वतः करायची आहे. हे मुद्दाम लिहिते, कारण फॉर्म अजूनही बऱ्याच ठिकाणी आधी नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या हातात दिला जातो. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये हा प्रश्न निकाली काढला आहे. तपासणीसाठी भूल दिलेल्या महिलेचं गर्भाशय आणि बीजकोश, तिच्या आईची संमती घेऊन काढले गेले होते. रुग्ण सज्ञान आणि निर्णयक्षम असताना, जिवावरचा प्रसंग नसताना, नातेवाइकाची संमती चालत नाही. आणि तपासणीला दिलेली संमती ही शस्त्रक्रियेला दिलेली संमती होत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. अठरा पूर्ण झालेल्या मुलीच्या गाठीला हाच नियम लागू आहे. घरच्यांशी तिने जरूर बोलावं. मीही बोलते.

काढायचं ठरलंच, तर ऑपरेशनआधी सर्जनला विचारायच्या गोष्टी थोड्या आहेत. छेद कुठे घेणार, व्रण केवढा राहील. आपल्या गाठीसाठी व्हॅक्यूमच्या सुईने, मोठ्या छेदाशिवाय काढण्याची पद्धत चालेल का. मोठ्या शहरांत ती मिळते, पण खर्च जास्त येतो. आणि काढलेली गाठ पॅथॉलॉजीला जाणार ना? हा प्रश्न वेडगळ वाटेल. पण काढलेली गाठ ट्रेमध्ये नातेवाइकांना दाखवायची आणि मग टाकून द्यायची, ही प्रथा सगळीकडून गेलेली नाही. ‘बघा, निघाली’ म्हणून सगळे समाधानी होतात, पेढेही वाटले जातात, आणि ती नक्की काय होती हे कायमचं अज्ञात राहतं. वर्षाने त्याच जागी पुन्हा गाठ आली, की आम्ही विचारतो, आधीचा रिपोर्ट कुठे आहे? गाठ फॉर्मेलिनच्या बाटलीत घालून, नाव लिहून लॅबला गेली पाहिजे. रिपोर्ट आठ-दहा दिवसांत येतो. तो आणायला जायचं, सर्जनला दाखवायचा आणि सोनोग्राफी, बायोप्सीच्या कागदांबरोबर एकाच प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवायचा.